शेवटच्या शेताचे पाणी

एकदा एका गावाने आपले पाणी एका म्हाताऱ्याच्या हाती दिले आणि मग त्या पाण्याची चिंता करणे सोडून दिले.

गाव नदीकाठचे होते. नदीवर जुन्या लोकांनी बांधलेला दगडी बंधारा होता. बंधाऱ्याच्या एका अंगाने पाट निघायचा आणि सगळ्या शेतांच्या उशाशी वाहत जायचा. प्रत्येक शेताच्या तोंडाशी मातीचे एक दारे. फावड्याने माती ओढली की पाणी शेतात शिरायचे, माती लावली की पुढच्या शेताकडे निघायचे. हे काम ज्याच्याकडे असायचे त्याला पाटकरी म्हणत. या गावचा पाटकरी म्हणजे धुडकूबाबा.

बाबांचा नियम साधा होता. पाणी भरपूर असेल तेव्हा ते बंधाऱ्याजवळच्या शेतापासून खाली जाईल. नदी आटू लागली की मात्र उलट. आधी पाटाच्या शेपटाकडचे शेवटचे शेत भिजेल आणि मग एकेक करत वर येईल. कोणी विचारले तर बाबा म्हणायचे, "वरच्यांना पाणी डोळ्यांना दिसतं. शेवटच्याच्या नशिबात नुसता पाण्याचा निरोप असतो. टंचाईत तरी त्याला निरोपाऐवजी पाणी मिळू दे."

त्याच गावात उखा नावाचा एक तरुण होता. लहानपणीच पोरका झालेला. त्याला मामाने वाढवले होते. मामाचे शेत बंधाऱ्यापासून जवळच, पाटाच्या वरच्या अंगाला होते. उखा वयात आला तेव्हा मामाने त्याला धुडकूबाबांसमोर नेऊन उभे केले.

"बाबा, याला तुमच्या पदरात घ्या. हाताने कामाचा आहे. डोकंही बरं आहे."

बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले. "नाही म्हणता येतं का रे तुला?"

उखा गोंधळला. मामाकडे बघत म्हणाला, "हो."

"बघ, नाही म्हणता येतं का असं विचारलं, तर हा हो म्हणतो," बाबा हसत म्हणाले. "राहू दे. शिकेल."

पाण्याचे काम उखा एका हंगामात शिकला. कोणत्या जमिनीत पाणी लवकर मुरते, कुठे पाटाला गळती लागते, कोणत्या दाऱ्याची माती किती दाबायची, हे सगळे त्याच्या हातात उतरले. त्याला वाटले, झाले आपले शिक्षण.

आणि मग बाबांनी एक चमत्कारिक प्रकार सुरू केला.

बाबांचे स्वतःचेही एक लहानसे शेत त्या पाटावर होते. ते भिजून झाले तसा उखा दारे बंद करायला वाकला. इतक्यात बाबा घराकडून धावत आले. मुंडासे सुटलेले, काठी उगारलेली.

"कोण रे तू माझं दारं बंद करणारा? पाणी तुझ्या बापाने आणलंय का? हात तर लाव, बघतो तुझ्याकडे!"

उखा इतका घाबरला की लावलेली माती त्याने पुन्हा ओढून टाकली. बाबांनी काठी खाली ठेवली, बांधावर बसून मुंडासे नीट गुंडाळले आणि शांतपणे म्हणाले, "माझं शेत केव्हाच भिजलंय. उघडलंस कशाला?"

"तुम्ही ओरडलात म्हणून."

"पाटाला कान असतात का? कर बंद."

पुढच्या वेळी बाबा पुन्हा ओरडत आले. त्याच्या पुढच्या वेळी ते रडत आले. अगदी डोळ्यांतून पाणी काढून, छाती पिटून. "उखा, लेकरा, एवढा एक वाफा राहिला रे. म्हाताऱ्यावर दया कर." उखाला आधी हसू आले, मग खरोखरच दया आली आणि त्याने तो वाफा भिजू दिला. बाबांनी डोळे पुसले. "त्या वाफ्याचं पाणी कोणाच्या शेतातून कमी झालं, सांग बरं."

एकदा बाबा गूळ आणि शेंगदाणे घेऊन आले. "तुझ्यासारखा पाटकरी या नदीवर झाला नाही, उखा. माझ्यापेक्षा तुझा हात साफ आहे. खा." उखाने खाल्ले. खाता खाता दारे थोडे सैल राहिले. बाबा म्हणाले, "मूठभर शेंगदाण्यांत गावचं पाणी विकलंस. निदान पोटभर तरी मागायचे होतेस."

सगळ्यात वाईट झाले ते पारावर. माणसे बसली होती. बाबा सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, "या, न्यायाधीश आले! उठा रे, जागा द्या. यांनी हुकूम केला की नदीसुद्धा थांबते." लोक खदखदा हसले. उखाचे तोंड लाल झाले. बाबांच्या शेताच्या दाऱ्याशी परत गेल्यावर त्याने रागाने फावडे आपटत माती लावली आणि ओरडला, "पाणी पुढं जायचंय!"

मागून बाबा आले. "बंद केलंस, चांगलं केलंस. पण रागाने केलंस. राग उतरेल तेव्हा त्याच्याबरोबर हा शब्दही उतरेल. बिनरागाचं म्हणून बघ."

त्या दिवशी उखा मामाकडे गेला. "मामा, मी तिकडे जात नाही. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. काम मला येतं, केव्हाचं येतं. तरी रोज नवं सोंग."

मामा दोर वळत होता. त्याने मान वर केली नाही. "सोंग कोण काढतं? तेच ना?"

"तेच."

"त्या वयात धावतात, रडतात, लोकांत हसं करून घेतात. ते दमले नाहीत अजून?"

"नाही दमत."

"मग तू कसा दमलास?" मामा म्हणाला. "जेव आणि जा परत."

उखा परत गेला. दिवस गेले. बाबा ओरडत, रडत, गोड बोलत, टोमणे मारत राहिले आणि हळूहळू उखाच्या तोंडी एकच वाक्य बसले. आवाज न चढवता, समोरच्याच्या डोळ्यांत बघत, हात फावड्यावर ठेवून तो म्हणायचा, "पाणी पुढं जायचंय, बाबा." त्यात राग नसायचा, गयावया नसायची, लांबलचक कारणही नसायचे. एका संध्याकाळी ते वाक्य ऐकून बाबा नुसते "हं" म्हणाले आणि घरी गेले. त्यानंतर त्यांनी सोंग काढले नाही. काही वर्षांनी त्यांचे गुडघे धरले, तेव्हा गावासमोर त्यांनी पाट उखाच्या हाती दिला.

त्याच वर्षी नदी लवकर आटली. फाल्गुनात गव्हाच्या ओंब्यांत दूध भरायची वेळ, आणि बंधाऱ्यात पाणी उरले होते ते एकदा फिरवण्याइतके. तेही सगळ्यांना पुरेल याची खात्री नव्हती. उखाने दवंडी दिली की पाणी शेपटाकडून वर येईल.

शेपटाला ठगुबाईचे शेत होते. एकटी बाई, तेवढाच जमिनीचा तुकडा आणि त्यावर उभा गहू. हे पाणी चुकले तर तिच्या घरात त्या वर्षी दाणा येणार नव्हता. ती पाटावर आली तेव्हा उखा म्हणाला, "काळजी करू नका, मावशी. आज पोचेल."

"मी मागायला आले नाही रे बाबा," ती म्हणाली. "नुसती बघायला आले, येतंय का ते."

पाणी सुटले. उखा वरच्या दाऱ्यांशी राखण करत उभा राहिला, कारण पाणी चुकते ते तिथेच. धुडकूबाबाही येऊन थोड्या अंतरावर कडुनिंबाखाली बसले होते.

आधी आले वरच्या मोठ्या शेताचे मालक, वखारवाले शेठजी. मागे छत्री धरलेला गडी.

"उखा, दारं उघड. या बंधाऱ्याला दगड माझ्या आजोबांनी दिलेत, ठाऊक आहे ना?"

"पाणी पुढं जायचंय, शेठजी."

शेठजी ओरडले. उखाला मनातून थोडे हसू आले. ओरडणे त्याला बाबांचे जास्त चांगले वाटत असे. शेठजींनी मग आवाज खाली आणला, खांद्यावर हात ठेवला, वखारीत नोकरी देऊ केली. उखा म्हणाला, "तुमच्या शेतापर्यंत आलं तर नक्की देईन, शेठजी. आत्ता पाणी पुढं जायचंय." शेठजी गड्यावर चिडत निघून गेले. गड्याची छत्री मागेच राहिली, म्हणून त्याच्यावर आणखी चिडले.

बाबा कडुनिंबाखाली समाधानाने पान चघळत होते.

मग मामा आला.

तो आपल्या शेताच्या दाऱ्याशी बांधावर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. एक लहान पुरचुंडी पुढे केली. "मामीने चटणी दिलीय. जेवलास?"

"जेवलो, मामा."

मामा पुढे काही बोलला नाही. आपल्या गव्हाकडे बघत राहिला. सगळ्या गावाचा गहू दाणा धरत होता, मामाचा नुकता निसवत होता. ओंब्या पानांतून जेमतेम बाहेर आलेल्या. या गव्हाला पाण्याची सगळ्यात जास्त गरज होती. बऱ्याच वेळाने मामा म्हणाला, "यंदा पेरायला उशीर झाला."

उशीर का झाला ते दोघांनाही ठाऊक होते. ऐन पेरणीत उखा तापाने फणफणला होता, बडबडत होता. मामाने बैल सोडले, त्याला गाडीत घालून तालुक्याला नेले आणि तो डोळे उघडून नीट बोलेपर्यंत त्याच्या उशाशी बसून राहिला. घरी आला तेव्हा वाफसा, जमिनीतली पेरणीजोगी ओल, निघून गेला होता. मामाने हे कधी बोलून दाखवले नव्हते. आताही दाखवले नाही.

पाटातून पाणी मामाच्या दाऱ्यासमोरून जात होते. मध्ये मातीचा एक ढेकूळभर बांध. खाली ठगुबाईला काही कळले नसते. पाणी आज थोडे बारीक आले, एवढेच तिला वाटले असते.

उखा वाट बघत राहिला. मामाने रागवावे, मामीची शपथ घालावी, तापाची आठवण द्यावी, काहीही. सगळ्याला त्याच्याकडे उत्तर होते. मामा गप्प होता.

"मामा, काहीतरी बोला," उखा शेवटी म्हणाला.

"काय बोलू?"

"मागा तरी. म्हणजे मला नाही म्हणता येईल."

"मी मागणार नाही, उखा. मागितलं तर तुला जड जाईल."

उखाने बाबांकडे पाहिले. बाबा उठले, काठी घेतली आणि पाठ फिरवून चालू लागले. वळूनही बघितले नाही.

मग उखा नकळत वाकला. फावडे दाऱ्याच्या मातीत शिरले. ढेकूळ निघाले आणि पाण्याची बोटभर धार मामाच्या शेतात उतरली. कोरडी जमीन चुरचुरली. गावात ज्यांनी उन्हाळ्यात तहानलेल्या जमिनीचा तो आवाज ऐकला असेल त्यांना कळेल की तो ऐकून माती परत लावणे किती कठीण असते.

उखाने माती परत लावली. पायाने दाबली. त्याचा आवाज शांत राहिला नाही, डोळेही कोरडे राहिले नाहीत.

"पाणी पुढं जायचंय, मामा."

"बरं," मामा म्हणाला. टोपी झटकून डोक्यावर घातली आणि उठून घराकडे गेला.

बराच वेळ गेल्यावर बाबा परत आले. उखा बांधावर बसला होता. त्याने मान वर न करता विचारले, "तुम्ही निघून का गेलात? आणि हे सोंग का नाही काढलंत कधी? बाकी सगळ्याची तयारी करून घेतलीत, याचीच नाही."

बाबा त्याच्या शेजारी बसायला वाकले. गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागला.

"ओरडणाऱ्याचं सोंग घ्यायला घसा पुरतो, पोरा. रडणाऱ्याचं घ्यायला डोळे पुरतात. तुझ्या मामाचं सोंग घ्यायचं तर आधी तुला पोरकेपणी उचलून घ्यायला हवं होतं, तुझ्या उशाशी जागायला हवं होतं. ते मी केलं नाही, त्यांनी केलं. मग ते सोंग मला कुठून येणार? पाणी वाटायचं मी तुला पहिल्याच हंगामात शिकवलं होतं. त्यापुढची सगळी सोंगं काढून मी तुला खऱ्या दिवसासाठी तयार करत होतो. माझ्या शेतावर तू चुकलास तरी कोणाचं पीक जळत नव्हतं, म्हणून तिथे चुकू दिलं. पण खरा दिवस कधी शिकवल्याप्रमाणे येत नाही. तो आपल्या सगळ्यात जवळच्या माणसाचा चेहरा घेऊन येतो आणि काही मागतसुद्धा नाही. तिथे गुरूचं काम संपतं. मी इथे बसून राहिलो असतो तर तू माझ्याकडे बघून दारं बंद केलं असतंस. ते धैर्य माझं झालं असतं. मला ते तुझं व्हायला हवं होतं."

उखा म्हणाला, "पण त्यांचे उपकार, बाबा? ते तर खरेच आहेत ना?"

"खरे आहेत म्हणूनच ते दुसऱ्याच्या पाण्याने फेडू नकोस. ज्याने वाढवलं त्याला आपल्या अंगचं द्यावं."

"माझ्या अंगचं काय आहे?"

बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "खांदे आहेत की. जा. पाट मी बघतो."

बंधाऱ्याच्या खाली खडकात एक डोह होता. दगडांतून झिरपलेले पाणी तिथे साचायचे. ते पाटात चढत नसे, त्यामुळे कोणाच्या पाळीतही मोडत नसे. उखाने कावड आणली. दोन्ही अंगांना घागरी भरल्या आणि चढण चढून मामाच्या शेतात पहिल्या वाफ्यात ओतल्या. पाणी पडल्या जागी दिसेनासे झाले. तो परत डोहाकडे उतरला.

ऊन कलले तेव्हा ठगुबाईचे शेत भिजून पाणी तिच्या वरच्या शेताला लागल्याची हाळी आली. उखा तेव्हाही कावड वाहत होता. खांदा सोलवटला होता. मामा गुरे घेऊन चालला होता, तो बघून थबकला.

"वेडा झालास का रे? एवढं रान घागरींनी भिजतं होय?"

"सगळं नाही भिजणार, मामा. भिजेल तेवढं भिजेल."

मामा ओल्या वाफ्यांकडे बघत राहिला. मग त्याने गुरे आपल्या गड्याकडे दिली आणि तो सरळ पाटाच्या तोंडाशी गेला, जिथे धुडकूबाबा राखणीला बसले होते. त्याने वाकून त्यांच्या पायांवर डोके ठेवले.

बाबा चपापले. "अरे, तुझ्या शेतात पाणी येऊ दिलं नाही आम्ही. आणि पाया पडतोस?"

"या वर्षी माझं कमी पिकेल," मामा म्हणाला. "पण माझी पोरं अजून लहान आहेत, बाबा. मी गेल्यावर त्यांच्या वाट्याचं पाणी कोण देईल, ही माझी जुनी काळजी. आज ज्याने मला नाही म्हटलं, तो उद्या त्यांच्यासाठी कोणालाही नाही म्हणेल. माझी काळजी मिटली. म्हणून पडलो पाया."

बाबांनी मामाच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने स्वतःचे डोळे पुसले. या वेळी ते सोंग नव्हते.

मामा डोहाकडे गेला. उखाच्या खांद्यावरून त्याने कावड उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "तू भर, मी वाहतो. पलीकडचे वाफे जास्त सुकलेत."

त्या वर्षी पाटाचे पाणी वरपर्यंत पुरले नाही आणि मामाच्या शेतात सगळा गहू झाला नाही. अलीकडचा भरला, पलीकडचा हलका राहिला. त्याबद्दल त्याने पुढे कधी हळहळ केली नाही.

मुलांनी खरे बोलावे, खऱ्यासाठी उभे राहावे, म्हणून आपण त्यांना शिकायला पाठवतो. त्यांच्या खरेपणाची पहिली झळ कधी आपल्यालाच लागली, तर त्या दिवशी त्यांना शिकवणाऱ्याला मनोमन नमस्कार करावा.